पाच दिवस नको, तीन रात्री ये

काकू, नमस्कार.

मी बेळगावच्या वडगावात राहते. घरी सासूबाई, मिस्टर, दहावीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. मिस्टर उद्यमबागेत एका फौंड्रीत आहेत. सध्या त्यांची दुसरी पाळी चालू आहे, घरी यायला रात्रीचे साडेअकरा होतात. मी एका पतसंस्थेत कामाला आहे, दहा ते सहा. घर म्हणजे पुढचा सोपा, एक खोली आणि स्वयंपाकघर.

माझी कॉलेजातली मैत्रीण पुण्याला असते. भाऊबीज झाली की पाचवीतल्या लेकीला घेऊन पाच दिवस येते म्हणतेय. तिच्या लेकीला दिवाळीची सुट्टी आहे, आमच्या पोरांची सुट्टी दसऱ्यातच संपली. "काही करू नको, मी घरचीच आहे," असं म्हणते. पण मी तिच्याकडं गेले होते तेव्हा तिनं रजा काढून मला सगळं पुणं फिरवलं होतं. मला रजा मिळणं अवघड. सासूबाईंचे गुडघे धरलेत, त्यांना घरात गडबड चालत नाही. पाण्याचं तर तुम्हाला माहितीच आहे. कधी वाटतं, सासूबाई आजारी आहेत म्हणून सांगून टाळावं. कधी वाटतं, जवळपास एखादं लॉज बघून द्यावं. आणि ती आलीच पाहिजे असंही वाटतं, नीट बोलून किती वर्षं झाली. तिची आई गेल्यावर भावानं शहापूरचं घर विकलं, तेव्हापासून ती बेळगावला आलेलीच नाही. काय करू?

— एक वाचक, वडगाव

वडगावच्या ताई, नमस्कार.

तुम्ही मिस्टरांची पाळी लिहिली, सासूबाईंचे गुडघे लिहिले, पाणी लिहिलं, आणि सगळ्यात मोठी गोष्ट शेवटच्या ओळीत ओझरती लिहून मोकळ्या झालात. तुमच्या मैत्रिणीचं शहापूरचं घर विकलं गेलंय. म्हणजे ज्या गावात ती जन्मली, शिकली, तिथं बसमधून उतरल्यावर जायला तिला आता एकही दार नाही. ती "बेळगाव बघायला" येत नाही. माहेरी येतेय, आणि माहेर म्हणून तिनं तुमचं घर धरलंय. तिनं हे तोंडानं म्हटलेलं नसेल. पण शहापूरला लागून असलेल्या वडगावातच तिला यायचंय, आणि तेही लेकीला घेऊन, यातच सगळं आलं.

त्यामुळं लॉजचा विचार सोडा. एरवी मी लॉजच्या विरोधात अजिबात नाही. लग्नाला आलेले पाहुणे, मिस्टरांचे कामावरचे लोक, लांबचे चुलत-मावस यांना खुशाल लॉज बघून द्यावं, त्यात कसला कमीपणा नाही. पण माहेर शोधत आलेल्या बाईला लॉजची किल्ली हातात दिलीत, तर ती हसून घेईल आणि पुन्हा येणार नाही.

आणि सासूबाईंच्या आजाराचं खोटं? ते तर मुळीच नको. एक तर ते टिकणार नाही. बेळगावात तिच्या ओळखीची दहा माणसं असतील, त्यातली दोन तुमच्याच गल्लीतली. दुसरं म्हणजे, सासूबाई आजारी आहेत म्हटल्यावर ती बघायला म्हणून दोन दिवस आधीच येऊन थडकेल, फळं घेऊन. आपल्याकडची माणसं तशीच आहेत.

आता पाच दिवस. ते मात्र जास्त होतात. सोपा, खोली, स्वयंपाकघर एवढ्या जागेत आधीच पाच माणसं. त्यात दोन वाढली की दोन दिवस मजा येते, तिसऱ्या दिवशी जो तो आपला टॉवेल शोधायला लागतो. पाचव्या दिवशी तुम्ही मनातल्या मनात तिच्या परतीच्या गाडीची वेळ मोजत बसाल, आणि ते तिच्या लक्षात येईल. जुन्या मैत्रिणींना हे लगेच कळतं. तेव्हा तीन रात्री. गुरुवारी रात्री यायचं, रविवारी दुपारी जेवून जायचं. शुक्रवार तुमचा रोजचाच दिवस राहील. शनिवारी पोरांची सकाळची अर्धी शाळा, तुम्ही दुपारनंतरची अर्धी रजा टाका. रविवारी सगळेच घरी. अख्खी रजा एकही लागत नाही. अर्धी मागितली तर कुठला मॅनेजर नाही म्हणेल? म्हणाला तर त्याला सांगा, दिवाळीत सगळ्यांनी रजा काढल्या तेव्हा खिडकीवर मीच बसले होते. बसलाच असाल, मला खात्री आहे.

सुट्टीचं तिला स्पष्ट सांगा. ती इथं वाढलेली आहे, पण पुण्यात राहून माणूस विसरतो. आपल्याकडं कर्नाटकात मधली सुट्टी दसऱ्याला, त्यांच्याकडं महाराष्ट्रात दिवाळीला. उन्हाळ्यातही तीच गत. आपली पोरं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मोकळी होतात, तिकडची मे उजाडल्यावर. आणि तिकडच्या पोरांना जरा कुठं सुट्टीचा रंग चढतोय तोवर मे महिन्याच्या शेवटाला इथं शाळेची घंटा वाजते. कोल्हापूर, सांगली, पुण्याला नातेवाईक असलेल्या इथल्या प्रत्येक घरात हे रडगाणं आहे. मामाच्या पोरांना सुट्टी तेव्हा आपल्यांची परीक्षा, आपल्यांना सुट्टी तेव्हा मामा कामावर. राज्यांच्या हद्दीवरून आपण इतकी वर्षं बोलतोय, पण ही सुट्टीची हद्द बायकांना रोजच्या जगण्यात किती नडते, यावर कुणी कधी भाषण केलेलं मला आठवत नाही. असो.

तिला काय आणि कसं लिहायचं, हा तुमचा खरा पेच आहे असं मला वाटतं. म्हणून मीच लिहून देते. हवं तर यात तुमचे शब्द घाला, पण यातलं काही गाळू नका:

"अगं, नक्की ये. पाच दिवस जमणार नाहीत, तीन रात्री ये. गुरुवारी रात्री पोच, रविवारी दुपारी जेवून जा. शुक्रवारी मी कामावर, पोरं शाळेत. तू आणि तुझी लेक दिवसभर तुमच्या तुम्ही. शनिवारी दुपारपासून मी तुझी. आमच्यात दहावी चालू आहे, रात्री नऊनंतर टीव्ही बंद. पाणी रोज येत नाही, आंघोळीला एक बादली. सासूबाईंना खाली बसवत नाही, म्हणून कॉट त्यांचीच. चालतंय न्हवं?"

यात कुठंही "माफ कर" नाही, "काय करू गं, आमचं घर लहान" नाही. माफी मागितली की समोरच्याला समजूत घालावी लागते, आणि मग "नको नको, मी पुढच्या वर्षी येते" सुरू होतं. घर जसं आहे तसं एकदा सांगून टाकलं की तिलाही बरं. काय घेऊन यायचं, लेकीला काय समजावून ठेवायचं, ते ती तिथूनच ठरवेल. एक बादलीची गोष्ट तिला पुण्यात कळणं आणि शुक्रवारी सकाळी न्हाणीघराच्या दारात साबण लावून उभी असताना कळणं, यात फार फरक आहे.

पाण्यावर थोडं जास्त लिहिते, कारण या गावात पाहुणा येणार म्हटलं की सगळ्यात आधी बाईच्या डोक्यात तेच येतं. राकसकोप आणि हिडकलचं पाणी गावाला येतं खरं, पण काही वॉर्डांत नळ चोवीस तास चालू आणि काही वॉर्डांत पाळीची वाट बघत बसायचं, अशी आपली वाटणी आहे. तुमच्या पत्रावरून तुम्ही वाट बघणाऱ्यांतल्या दिसता. मग आत्ताच हिशेब करा, त्या तीन दिवसांत तुमच्या नळाची पाळी कधी येते. गुरुवारच्या आत येत असेल तर सगळं भरून ठेवा, पिंपसुद्धा. आणि नेमकी शुक्रवारी दिवसा आली, तर एरवी कोण भरतं? सासूबाईच ना, त्या गुडघ्यांवर? या खेपेला मैत्रीण भरेल. ती शहापूरची आहे, घागर कशी धरायची ते तिला शिकवायला नको. तुम्ही संध्याकाळी घरी याल तेव्हा पिंप भरलेलं असेल आणि सासूबाईंचं तिच्याविषयीचं मत अर्धं तिथंच बदललेलं असेल.

यावरून "काही करू नको, मी घरचीच आहे" या वाक्याकडं येते. हे वाक्य येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो आणि आपण कधीच खरं मानत नाही. तोंडानं "हो गं, काही करत नाही" म्हणायचं आणि पहाटे चारला उठून पुरण शिजत घालायचं. मग ती पाटावर अवघडून बसते, तुम्ही तव्यापुढं घामाघूम, आणि दोघींचं बोलणं काय, तर "अजून एक घे की". तुम्ही या बाईचा शब्द शब्दशः धरा. घरची म्हणतेस ना, मग मेथी निवड. शुक्रवारी मुलाला शाळेची रिक्षा सोडून जाते तेव्हा दारात तू उभी राहा. भाकरी थाप. पहिल्या सकाळी नको, तेवढी एक सकाळ तिला चहाचा कप हातात देऊन बसू द्या. पण शुक्रवारी संध्याकाळपासून बिनधास्त. आणि तिनं केलेलं काम पुन्हा करू नका. तिनं कांदा जाड चिरला तर जाड चिरलेला कांदा खायचा. बायका माहेरी आल्या की अशाच वावरतात, आईच्या ओट्यापाशी उभ्या राहून. तिला तेच हवंय.

रात्री कुणी कुठं झोपायचं हेही गुरुवारच्या आधी ठरवा, ती आल्यावर सोप्यात उभं राहून नको. माझं मत: खोली मैत्रिणीला, तिच्या लेकीला आणि तुम्हा मायलेकींना. सासूबाई सोप्यात आपल्या कॉटवर, मुलगा आजीजवळ, आणि मिस्टर साडेअकराला आले की सोप्यातच. पाहुणी बाई सोप्यात आणि मिस्टर रात्री तिच्या अंथरुणाला वळसा घालून आत येताहेत, हे दोघांनाही अवघड होतं. त्यांचं ताट स्वयंपाकघरात झाकून ठेवा, दाराची एक किल्ली त्यांच्याजवळ असू द्या, बेल वाजवायची गरज पडू नये. आणि वडगावातल्या विणकरांच्या मागांची खटखट शेजारून येत असेल, तर पुण्याच्या पोरीला ती नवी असेल. तिच्या आईला मात्र त्या आवाजात छान झोप लागेल बघा.

दहावीचं काय? मुलीला सगळ्यात आधी विश्वासात घ्या. "माझ्याच दहावीच्या वर्षी हिला यायचं होतं का?" असं ती म्हणेल, म्हणू द्या. पण तिची जागा आणि तिचे तास ठरवून द्या. शेजारी एखादी अक्का असेल जिच्या माडीवर किंवा पुढच्या खोलीत दोन तास बसता येईल, तर तीन संध्याकाळी तिथं बसवा. आपल्या गल्ल्यांत भाषा वेगळी असली तरी पोरं एकमेकांच्या घरात बसूनच एसएसएलसी, म्हणजे दहावी, झालेली आहेत. परीक्षा मार्चच्या पुढं. तीन संध्याकाळींनी टक्का घसरत नाही. घसरलाच, तर तो मोबाइलनं घसरतो, मैत्रिणीनं नाही.

धाकट्यांचं काही बघू नका. चौथी आणि पाचवी. पहिला अर्धा तास एकमेकांकडं टक लावून बघतील, नंतर दोघं मिळून तुमच्या डोक्यावर बसतील.

सासूबाई. तुम्ही लिहिलंय, त्यांना गडबड चालत नाही. असेलही. पण मला वाटतं, घरात काय ठरलंय ते सगळ्यांना कळल्यावर शेवटी त्यांना कळतं, ते त्यांना चालत नसावं. बऱ्याच सासवांचं तसं असतं, आणि त्यात त्यांचं फार चुकतं असंही नाही. मैत्रिणीला उत्तर धाडण्याआधी त्यांच्याजवळ बसा. "अत्ती, माझी मैत्रीण येतेय" एवढंच सांगू नका. शहापूरचं घर विकल्याचं सांगा, आई गेल्याचं सांगा. आणि मग एक काम त्यांच्याकडं सोपवा: रविवारी ती निघताना तिची ओटी त्यांनी भरायची. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. खण गुळेदगुड्डचा मिळाला तर उत्तमच, शहापुरात कुठल्याही जुन्या दुकानात विचारा. कॉटवर बसूनही ओटी भरता येते, गुडघ्याचा प्रश्न नाही. तुम्ही त्या जागी साडी दिलीत तर ती मैत्रिणीची भेट होईल. घरातल्या म्हाताऱ्या बाईनं ओटी भरली की ती लेक म्हणून जाते. आणि एकदा का सासूबाईंनी तिला लेक ठरवलं, की मग "किती दिवस राहणार आहे ती?" हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारणार नाही. उलट "इतक्या लवकर कशाला जातेय?" म्हणतील, आणि तुम्हालाच सावरावं लागेल!

तरीही त्या एखादा शब्द बोलल्याच, पाणी सांडण्यावरून, दिवा चालू राहण्यावरून, तर मधे पडू नका. मैत्रीण स्वतः सून आहे, तिनं असले शब्द ऐकलेले आहेत. नंतर मागच्या दारी दोघी मिळून हसा.

खायचं काय? इथं मला तुम्हाला जरा दटावावंसं वाटतं. पुण्यात श्रीखंड मिळतं, पनीर मिळतं, सगळं दारात येतं. तिला तिथं मिळत नाही ते तुमच्या घरात रोज असतं: सकाळचं उप्पीट, नाहीतर आंबोळी आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, दुपारी शाळूची भाकरी, अंबाडीची भाजी, संकेश्वरी मिरचीचा खर्डा, रात्री इंद्रायणीचा गरम भात आणि आमटी. संध्याकाळी चिरमुऱ्यांवर कच्चा कांदा आणि तेल. तिच्या लेकीला तिखट लागेल, दही ठेवा. मांडे खायला घालायचे असतील तर घरी करायचा घाट घालू नका, ज्यांच्या हातात ती कला आहे त्यांच्याकडून मागवा. रविवारी मटणाचा बेत करायचा विचार असेल तर तुमच्यात किंवा तिच्या सासरी कार्तिक पाळतात का ते आधी विचारून घ्या, भाऊबीज झाल्यावर कार्तिकच चालू असतो. पाळत नसतील तर मटण आणायचं काम मिस्टरांचं. शुक्रवार-शनिवार ते तिला झोपलेलेच दिसणार आहेत, रविवारी सकाळी तरी पिशवी घेऊन बाहेर पडलेले दिसू देत.

पुण्यात तिनं रजा काढून फिरवलं, हे तुमच्या मनातून जात नाही. ते मनातून काढा. तुम्ही पुण्याला पाहुण्या म्हणून गेला होता, तुम्हाला तिथलं काही माहिती नव्हतं, कुणीतरी बरोबर असावंच लागलं असतं. ती इथं अनोळखी नाही. शुक्रवारी ती एकटी लेकीला घेऊन बाहेर पडली तर तिला बरंच वाटेल. लेकीला आपलं गाव दाखवताना शेजारी दुसरं कुणी नसलेलं बरं असतं, कारण आपल्या आठवणी आपण आपल्या पोरांना वाढवून सांगतो, आणि साक्षीदार मैत्रीण असेल तर ती "कुठं गं, तसं नव्हतं" म्हणते. किल्ल्यात कमल बस्ती हे जैन देऊळ आहे, 1204 सालचं, छताला दगडातलं कमळ. तिथंच रामकृष्ण आश्रम, विवेकानंद 1892 साली बेळगावला आले तेव्हा राहिले होते ती वास्तू. पोरीला इतिहासाची आवड असेल तर टिळकवाडीत वीरसौध आणि काँग्रेस विहीर. 1924 चं काँग्रेस अधिवेशन तिथं झालं, आणि गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. पुण्याच्या पाचवीतल्या मुलीला आईच्या गावाविषयी शाळेत सांगायला एवढं पुरे. मग गणपत गल्ली, खडे बाजार, आणि पाय दुखायला लागले की रिक्षा.

शहापूरच्या त्या घराचं मात्र तुम्ही काही ठरवू नका. नवीन मालकांना विचारून ठेवू का, आत बघायला मिळेल का, असली व्यवस्था तुमच्या मनात येईल, नको. तिला जायचंच असेल तर ती म्हणेल. "तू येतेस का?" म्हणाली तर जा, नाही म्हणाली तर तिला एकटीला जाऊ द्या. परत आल्यावर डोळे लाल असतील तर चहा ठेवा. विचारू नका. ती सांगेल रात्री.

शनिवारी दुपार तुमची. एकच ठिकाण ठरवा. गोकाकचा धबधबा वगैरे मोह टाळा. दिवाळी उलटली की त्याचा पावसाळ्यातला जोर गेलेला असतो, आणि जाऊन येण्यातच दिवस संपतो. चार वाजता येळ्ळूरच्या राजहंसगडावर जा, जवळ आहे, वर सिद्धेश्वराचं देऊळ आहे, वारा आहे, बसायला जागा आहे. दिवेलागणीच्या आत घरी. दहावीवालीलाही न्या. ती नाही म्हणेल, तरी न्या.

बसनं गेलात तर एक गंमत होईल. तुमच्या आणि तुमच्या मुलीच्या आधारवर कर्नाटकचा पत्ता, तेव्हा 2023 च्या जूनपासून चालू झालेल्या शक्ती योजनेत तुम्हाला शून्याचं तिकीट. मैत्रिणीच्या आधारवर पुणं, तिला पैसे पडणार. तिकडं एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पण तेही महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. म्हणजे स्वतःच्या जन्मगावात पूर्ण तिकीट काढणारी तुमच्यात ती एकटीच. तिचं तिकीट तुम्ही काढा, आणि त्यावरून तिला दिवसभर चिडवा.

बाकी पैशांचं सरळ ठेवा. दिवाळीचा खर्च नुकताच झालेला असतो, हे तिलाही कळतं. तिनं येताना फळं आणली, भाजी आणली, रिक्षाचे पैसे दिले, तर घ्या. आपल्याकडं "नको नको, मी देते" म्हणून रिक्षावाल्यासमोर दोन बायका एकमेकींची मनगटं धरून उभ्या असतात, तो बिचारा मीटर विसरतो. एकीनं एकदा, दुसरीनं एकदा. झालं. पोराच्या हातात तिनं निघताना नोट ठेवली तर तुम्ही तिच्या लेकीच्या हातात तेवढीच ठेवा, जास्त नको.

आणि बोलणं. तुम्ही लिहिलंत, नीट बोलून किती वर्षं झाली. ते बोलणं राजहंसगडावर होणार नाही, तिथं पोरं असतील. जेवताना होणार नाही. ते रात्री नऊ ते साडेअकरामध्ये होईल, सासूबाई आडव्या झाल्यावर, पोरगी वही उघडून बसल्यावर, मिस्टर यायच्या आधी. स्वयंपाकघरात, दार लोटून. त्या वेळेला दुसरं काही लावू नका. भांडी सकाळी घासा. फोन सोप्यात ठेवा. तुमच्या दोघींकडं गुरुवार, शुक्रवार, शनिवार अशा तीन रात्री आहेत. गुरुवारची प्रवासात आणि अंथरुणं घालण्यात जाईल, म्हणजे खऱ्या दोनच. पाच दिवस ठेवून घेऊन रोज रात्री थकून झोपण्यापेक्षा या दोन रात्री जाग्या राहा. शनिवारी तुम्हाला कामावर जांभया येतील. येऊ देत, अर्धाच दिवस आहे.

तिला न्यायला कुंदा, आपली ती दुधाची मिठाई, शनिवारी येताना आणून ठेवा, रविवारी ऐन निघायच्या वेळेला कुणी धावाधाव करायची नाही. दिवाळी संपली की तो रविवार पुण्याकडं जाणाऱ्या गाड्यांना सगळ्यात वाईट. अर्धं बेळगाव त्या दिवशी पुण्याला परत निघालेलं असतं. तेव्हा तिला जायचं तिकीट आत्ताच काढायला सांगा, खिडकीची जागा मागून. आणि कॅलेंडर बघा. 1 नोव्हेंबर या तीन दिवसांत येत असेल तर त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते, चन्नम्मा चौकाकडून जायला यायला होत नाही. तसं असेल तर राजहंसगड दुसऱ्या दिवशी, आणि जायचा दिवस तोच असेल तर बस कुठून सुटणार ते आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या. तिला उत्तर आजच धाडा, सासूबाईंशी बोलून झालं की लगेच.